चौतीस

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
गेम सोडला.
सन्मती कुपवाडहून फोनवर म्हणाली, दाब आता,
छप्पर नंतर घालू.
पूर्वेच्या गोदामाला छप्पर नव्हतं.
मेलेला माणूस पडताना कधीकधी
जमिनीतून आरपार जायचा, आणि खाली
आम्ही काहीच बनवलेलं नव्हतं.

सर्व्हरचं भाडं तीन महिन्यांचं थकलेलं,
म्हणून 'अर्ली ॲक्सेस' अशी पाटी लावून
अर्धं घर उघडलं.
ओल्या रंगाला हात लावू नका म्हणत
लग्नघरात पाहुण्यांना आत घ्यावं, तसं.

खालच्या खोलीत अब्बा तंबोऱ्याची जवारी लावत होते.
ते असं कधीच काही सोडत नाहीत.
जळगावच्या बाई दोनदा हेलपाटा घालून गेल्या,
तंबोरा अजून भिंतीलाच.
"बोलेल तेव्हा जाईल," एवढंच.

आम्ही शिकलगार.
पणजोबांचे पणजोबा तलवारींना पाणी द्यायचे.
लढाया सरल्या, भूक सरेना,
तेव्हा मिरजेत त्याच हातांनी
भोपळा धरला.
आणि मी परत बंदुका करायला बसलोय,
त्याही अशा, की गंज चढत नाही.

पहिल्या दिवशी एकशेबारा माणसं आली.
दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात एकच बंदूक,
माझी घोरपड.
तिचा मारा चौतीस. माणसाचा जीव शंभर.
तीन गोळ्यांत एकशेदोन, संपला.
तेहतीस केला तर नव्याण्णव:
एक कण जीव उरतो,
आणि त्या कणावर माणूस
वळतो, पळतो, उलटून मारतो.

मी तेहतीस केला.
संध्याकाळपर्यंत घोरपड कुणी उचलेना.
जतचा एक पोरगा, नाव 'बुलेट_बिराप्पा',
रोज दहावीच्या क्लासनंतर यायचा.
माइकवर म्हणाला, दादा, काठी केलीस की रं तिची.
आणि गेला.

साडेतेहतीस?
तीन गोळ्यांत शंभर पूर्णांक अर्धा. पुन्हा मेला.
मधे उभं राहायला जागाच नाही.

पुलाचं आणखी वेगळंच.
मिरज जंक्शनचा नकाशा माझा लाडका,
टीसीनं हटकेपर्यंत पादचारी पुलावर पावलं मोजलेली.
उत्तरेचे अकरा सेकंदांत चढतात, दक्षिणेचे तेरा.
खऱ्या पुलावर त्या दोन सेकंदांत
फार तर कुणाची पिशवी या हातातून त्या हातात जाते.
इथे सामना संपतो.

पहाटे अब्बा वर आले. जिन्यात गुडघा वाजला.
हेडफोन एकाच कानाला धरला.
घोरपडीत मॅगझिन बसतानाचा आवाज
मी त्यांच्याच खुंटीचा घेतलाय,
सांगितलं नव्हतं.
"ही खुंटी सैल आहे," म्हणाले. "शिसवीची ना?"
पडद्यावर कोण कुणाला मारतंय
तिकडे पाहिलंही नाही.

चौतीसचं सांगितलं. त्यांना गोळी कळली नाही,
कानस कळली.
"हाड एकदा जास्त खाल्लं की परत येत नाही.
तुझं येतं ना, मुबीन? मग तोंड का पाडलंस?"
आणि खाली गेले.

परत येतं, अब्बा.
बिराप्पा येत नाही.

खाली त्यांनी खर्जाखालचं सूत
केसभर सरकवलं.
घोडीला हात नाही, तारेला नाही.
तार बोलली, मुकी झाली,
मग पुन्हा, जरा लांबून.

मी चौतीस परत ठेवला.
मॅगझिन भरायला दोन दशांश सेकंद जास्त लावले.
सन्मतीनं विचारलं, यानं होईल?
म्हटलं, बघू.

आज सकाळी एकोणसाठ माणसं आहेत.
सगळ्यांच्या हातात सुरा.
छप्पर अजून नाही.
गोदामात मधोमध एक जण
बंदूक खाली टाकून नुसता उभा आहे,
वर बघत.
आभाळ तेवढं आम्ही पुरं केलं होतं.