तक्त्यात पाचवे

प्राचार्यसाहेब,
तुम्ही मागितलेला पाच वर्षांचा आराखडा
चौथ्यांदा लिहायला घेतला आहे.

गटातील सद्यस्थिती : पाचवे.
सहा संघांत पाचवे.
सहावा संघ आलाच नाही.
त्यांची बस डबऱ्याच्या अलीकडे बंद पडली
आणि आमची पोरं रिकाम्या गोलापुढे
दोन तास जाळ्याला गाठी मारत बसली.
त्याचे तीन गुण.
एक बरोबरीचा.
उरलेल्या तीन सामन्यांचे आकडे कार्यालयात आहेत,
इथे पुन्हा लिहीत नाही.

मैदानाचं म्हणाल, तर तुळशीचं लग्न लागलं की
तुमच्याच सहीने ते मंडपवाल्याकडे जातं.
परत मिळतं तेव्हा
पेनल्टीच्या खुणेपाशी तंदूरची राख,
उजव्या कोपऱ्यात बांबूंचे खड्डे.
इम्रत जाटवला ते खड्डे पाठ आहेत.
चेंडू कुठे उसळणार ते त्याला आधी कळतं,
पाहुण्यांना नंतर.
आराखड्यात मी याला
घरच्या मैदानाचा फायदा म्हटलं आहे.

पौषात मुहूर्त नसतात,
म्हणून आमचा हंगाम पौषातला.
आणि पौषात ग्वाल्हेरला धुकं.
बरोबरीचा सामना तसाच झाला.
मी ओरडत होते हिंदीत,
मोजत होते मराठीत,
आणि नवाच्या पुढे कोणी दिसत नव्हतं.
गोलातून सिकरवार विचारायचा,
मॅडमजी, गेंद किधर है?
मला तरी कुठे ठाऊक.
आपण तो सामना का हरलो नाही,
हे अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही.

दीर्घकालीन शक्यता.
विद्यापीठ पुढच्या वर्षी गट फोडणार म्हणतात.
वरचे चार इथेच शहरात,
खालचे भिंड, मुरैना, श्योपूरच्या सोबत.
तिकडे आपण पहिले येऊ, महाडीक म्हणतो.
येऊही.
पहाटे चारची बस, दोनशे किलोमीटर,
गुडघ्यांवर डबे, आणि पहिले.
किंवा हातापाया पडून वरच राहायचं
त्या कॉलेजाच्या शेजारी,
ज्यांची नुसते बूट ठेवायची खोली
माझ्या ऑफिसपेक्षा मोठी आहे.
मला विचाराल तर
मी अजून ठरवलेलं नाही.
पोरांना विचारलं तर ती म्हणतात,
नाश्ता मिलेगा क्या बस में?

तिसऱ्या वर्षाची सहाजणं
उन्हाळ्यात भरतीला जातील.
त्यांनी दम कुठे कमावला,
हे तिथला साहेब लिहून घेत नाही,
फक्त घड्याळ बघतो.
नवीन येतील ते हॉकीतून उरलेले.
हे गावच हॉकीचं.
जिन्सीचा पानवाला दर वर्षी विचारतो,
बाई, अजून फुटबॉलच?
मी म्हणते, अजून.
तो चुना जरा जास्त लावतो.

आता एक अडचण.
मला निवृत्तीला चार वर्षं आहेत
आणि आराखडा पाचाचा.
पाचव्या वर्षाचं मी लिहावं का,
असं हिशेबाच्या खेडकरांना विचारलं.
चष्मा न काढता ते म्हणाले,
लिहा की. पाचवं वर्ष कोणी वाचत नाही.

म्हणून तिथे मनातलं लिहिलं आहे.
आधी दुसरे लिहिलं होतं, खोडलं.
तिसरेही थोडं लबाडीचं वाटलं.
पाचवे वर्ष, गटातील स्थान : चौथे.
खाली सही केली,
शाई वाळेपर्यंत पंखा बंद ठेवला.

ता. क.
चुन्याची दोन पोती अजून मंजूर नाहीत.
खेडकर म्हणतात, धुक्यात रेषा दिसते कोणाला?
नाही दिसत, खरं आहे.
पण चेंडू तिच्यावरून गेला की
परत येतो तेव्हा
थोडा पांढरा असतो.