गुणक एक

आत जायचं तर किल्ल्या बाहेर, बक्कल बाहेर,
केसांतला आकडासुद्धा बाहेर, खुंटीवर.
या घरात लोखंडाचा एकही खिळा नाही.
तांब्याचे खिळे, पाइनच्या फळ्या,
मधोमध धाग्याला टांगलेली सुई,
पृथ्वीचं ऐकत.

शेजारच्या खोलीत, हिटरला पाय लावून
हिल्का वुओरेला जुन्या वह्या नव्या एककांत उतरवते.
निवृत्तीला अकरा आठवडे. वह्या एकोणतीस.

पाऱ्याचे मिलिमीटर, त्यांचे हेक्टोपास्कल:
एक पूर्णांक तीन तीन तीन दोन,
पुढचं शेपूट सोडून द्यायचं.
लाख डाइन जमले की एक न्यूटन.
कोटी एर्ग खर्ची पडले की एक ज्यूल,
म्हणजे भरला मग टेबलापासून दीड वीत वर.
ती उचलते. कॉफी कधीच गार झालेली.

गॅमा मात्र सरळ.
एक गॅमा म्हणजे एक नॅनोटेस्ला.
गुणक एक.
लग्नात नाव बदललं, मुलगी तीच.

वह्या तौनो रास्तासच्या. बारीक, तिरपं अक्षर.
समासात मध्येच: कुंपण मोडलंय, दोन पेनिन्कुल्मांवर.
पेनिन्कुल्मा, कुत्र्याचं भुंकणं पोचेल तेवढी वाट.
पुढे कुणा शहाण्याने तिचे दहा किलोमीटर ठरवले.
कसलं कुत्रं होतं ते, हिल्का पुटपुटते,
आणि रकाना कोरा सोडते.

सतराव्या वहीत, फेब्रुवारीत, चुंबकी वादळ.
दर पाच मिनिटांनी नोंद. आकडे रकान्याबाहेर सांडलेले,
पेन्सिलचं टोक दोनदा मोडलेलं.
मग तीन दिवस काही नाही.
मग: सायमीला पुरलं. जमीन दगड झालेली, कुदळ चालेना.
सुई तसूभरही हलली नाही.

(त्याच्या भाषेत काहीतरी निराळं होतं.
मी तसूभर केलं,
शेपूट सोडून दिलं.)

संगणक तांबडी रेघ ओढतो: इथे अंक हवा.
हिल्का शून्य लिहिते. पुसते.
पुन्हा लिहिते, एकाने गुणते,
कारण नियम तो आहे.
पुन्हा पुसते.

संध्याकाळचं वाचन घेऊन ती बाहेर येते,
खुंटीवरून किल्ल्या काढते, आकडा केसांत खोचते.
कुठेतरी लांब, बर्फापलीकडे, एक कुत्रं भुंकतं.
उणे सव्वीस असताना
ती टोपी कानांवरून वर करते.