मालकाचा रकाना

टेंभीपाड्याच्या चढावर, बंद पडलेल्या दूध केंद्राशेजारी
जी चार बाय सहा फूट जागा आहे
तिला आमच्या रजिस्टरात नाव होतं: पॉइंट नंबर सतरा.
तेवीस वर्षं मी तिथून कचरा उचलला,
नंतर मुकादम होऊन उचलून घेतला.
सकाळी साफ, दुपारपर्यंत पुन्हा शहाळी, गाद्यांचा कापूस,
फुटकी फ्रेम, फ्रेममधला देव.

निवृत्त झालो तरी सवय जाईना.
सहाला उठून तिथेच जाऊन उभा राहायचो.
बायको म्हणाली, उभं किती राहाल, बसा तरी.
ती रागात बोलली होती. मी मनावर घेतलं.

इर्शाद सोफावाल्याकडे एक खुर्ची पडून होती,
तीन पायांवर शहाणी, चौथ्यावर वेडी.
न्या, म्हणाला, माझी जागा तरी मोकळी होईल.
वेड्या पायाखाली मी फरशीचा तुकडा सारला
आणि सायकलची जुनी साखळी घालून
तिला विजेच्या खांबाशी बांधली.
कुलूप पस्तीस रुपयांचं. एवढाच खर्च.

पहिले दोन दिवस लोकांनी खुर्चीवरच कचरा ठेवला,
जरा अदबीनं, पिशवीला गाठ मारून.
तिसऱ्या दिवशी मालन चव्हाण बसली.
गुडघे दुखतात तिचे. अर्ध्या चढावर टेकायला
आजवर फक्त गटाराचं झाकण होतं.
बसल्या बाईच्या पायाशी पिशवी कोण टाकेल?
टाकायला आलेला पोरगा तिला बघून मागे फिरला,
आणि मी, इतकी वर्षं शिट्टी फुंकून दमलेला,
केंद्राच्या आडोशाला एकटाच हसलो.

मग घोसाळकर पेंटर आले, फ्लेक्सनं ज्यांचा ब्रश वाळवला,
डब्यांच्या तळाशी उरलेला रंग घेऊन.
शटरवर काय काढावं ते त्यांना दोन दिवस सुचेना.
गाईबिई काही काढली नाही शेवटी.
एक रेघ काढली, जमिनीपासून वर, इंचाइंचावर खुणा करत,
आणि गल्लीतली पोरं उंची मोजायला रांगेत उभी राहिली.
आजही तिथे वाचता येतं: जास्मिन, तीन फूट पावणेदोन इंच.
अगदी वर, कुणाचंच डोकं न पोचणारी एक खूण आहे.
तिच्यापुढे लिहिलंय: पुढच्या वर्षी.

मार्चमध्ये अतिक्रमणाची गाडी आली.
साखळी कापायला अर्धं मिनिट लागतं.
मला ठाऊक आहे. दोन वर्षं त्या गाडीवर मीही होतो.

संध्याकाळी मालन आली, मोकळ्या खांबापाशी थांबली,
गुडघा धरून तिथेच उभी राहिली.
एकेक करत बाकीचे आले, भोवती थांबले,
मधे खुर्चीएवढी जागा सोडून.
रात्री नऊपर्यंत एक पिशवी पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेलो.
हातगाड्या, वजनकाटे, एक शिलाई मशीन, कणसं भाजायची शेगडी,
आणि ढिगाच्या तळाशी आमची वेडी.
कारकून नवा पोरगा. म्हणाला, काका,
दंड खुर्चीपेक्षा जास्त होतोय, नवी घ्या.
मी म्हटलं, फॉर्म दे.
वस्तू: खुर्ची. रंग: गेलेला.
मालकाचं नाव.
मालनचं लिहावं? बसते तर तीच.
इर्शादनं केव्हाच सोडली.
माझं तर फक्त कुलूप.
पेन धरून मी बराच वेळ उभा राहिलो.
मागचा शेगडीवाला म्हणाला, उरका हो.
मी लिहिलं: पॉइंट नंबर सतरा.
पोरानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि शिक्का मारला.

खुर्ची डोक्यावर घेऊन चढताना
अर्ध्यात दम लागला.
खाली ठेवली, बसलो.
चौथा पाय डुगडुगला.
फरशीचा तुकडा वरच राहिला होता, खांबापाशी.