रंगीत तालीम

धायरी फाटा ते रास्ता पेठ:
सतरा गतिरोधक, एक खोदलेला रस्ता.
हेरंब रात्री अकराला स्कूटरवरून मोजून आला,
रिक्षावाल्या दस्तगीरभाईंकडूनही
पाठ करून घेतलं.

बॅग दाराशी. फाइल, मोजे,
आईच्या विरलेल्या पातळाची चार दुपटी.
आधी नवं काही आणायचं नसतं, म्हणून
टोपडंसुद्धा शेजारच्या इराचं,
काठावर तिच्या दुधाचा पिवळा डाग.
तीनदा धुतलं. राहू दे आता.

डॉक्टर म्हणाल्या, दोन कळांमधलं अंतर मोजा.
कळा नाहीत अजून;
मी कुकरच्या शिट्ट्यांमधलं मोजते,
सवय असावी म्हणून.

पहाटे तीनला पाणी प्यायला उठले
तर हेरंब झोपेत पुटपुटला,
"बारावा आला... हळू घ्या, भाई..."

आणि आत कुणीतरी
पाय आवरून घेतले.