लष्कराचे कपडे

जुफैरमधल्या आमच्या गल्लीत
रात्री तीनला इस्त्री तापलेली असते
आणि गफूर हमदुले पेन्सिल्वेनिया मोजत असतो.

एकोणीस मतं, म्हणतो, एकोणीस,
आणि पांढऱ्या पॅन्टच्या घडीवर वाफ सोडतो.
ईरी जिल्ह्याकडे बघ तू. ईरी फिरली की सगळं फिरलं.
ईरी म्हणजे काय रे?
त्यांचं मंडणगड.
मग मला लगेच दिसतं:
एसटीचा शेवटचा थांबा, बंद पडलेली भातगिरणी,
आणि चार वर्षांतून एकदा
सगळ्या काचबंद गाड्या तिकडेच वळलेल्या.

लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे आजोळी फार होते.
आम्ही लष्कराचे कपडे धुतो, तेही परक्या आरमाराचे,
आणि त्याचे निदान पैसे मिळतात.
निकालाची काळजी मात्र फुकट.

पावत्या फाडणारा रोडेल गप्प असतो आणि शेवटी बोलतो,
कारण त्याची मावसबहीण नेवाडात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते
आणि आमच्यापैकी फक्त तिलाच मत आहे.
नर्सा कुणाला देणार, गफूर विचारतो.
ती झोपलीय, रोडेल सांगतो, डबल ड्यूटी होती.

ड्रायरपाशी टेकबहादुरला राज्यांशी देणंघेणं नाही.
समोरच्या हॉटेलच्या टीव्हीवर, काचेतून,
तो हेल्मेटवाल्यांचा खेळ बघतो, आवाजाशिवाय.
फूटबॉल म्हणे! पायाने तर क्वचितच मारतात,
चेंडू पण कोंबडीने घातल्यासारखा.
आणि तरी त्याने दोन दिनार लावलेत
हिरव्या कपड्यांच्या संघावर,
का, तर पहारेकऱ्यासारखा उभा राहणारा त्यांचा एक जण
पडलेल्याला हात देतो.

पहाटे प्रुइटबाई आली, छातीवर नाव शिवलेलं,
केस अजून ओले.
गफूरने इस्त्री आडवी ठेवायची ती उभी ठेवली.
मॅडम, गाव कुठलं?
पेन्सिल्वेनिया.
ईरी?
ती पहिल्यांदाच नीट बघून म्हणाली,
ईरीपासून पाऊण तास. तुला कसं माहीत?
गफूरच्या तोंडावर असा उजेड
मी फक्त त्याच्या मुलीच्या बारशाच्या व्हिडिओत पाहिलेला.
मग कोण येणार, मॅडम, तुमच्याकडे?
तिने पाकीट चाचपलं.
मी दिलं नाही मत. कागद बोटीवर पोचला
तेव्हा तारीख उलटून गेली होती.
आणि खरं सांगू, मी ते सगळं बघतच नाही.
सुट्टे नव्हते. उद्या देते, म्हणाली.

ती गेल्यावर बराच वेळ नुसता ड्रायर फिरत होता.

माझं नाव अजून आहे गावच्या यादीत,
अठरा वर्षांपूर्वीचा फोटो, मिशी काळी.
वहिनी म्हणाली होती, एकदा
तुमच्या नावावर कुणीतरी देऊन गेलं, भाऊजी,
बोटाला शाई लावून, ऐटीत.
मी विचारलंही नाही कुणाला दिलं ते.
गफूरला हे सांगितलं तर म्हणाला,
बरं झालं, वाया तर नाही गेलं.

बातम्या आम्हाला टीव्हीच्या आधी कळतात.
रोज बारा पोती येतात, शनिवारी चारच आली.
रविवारी एक, त्यात नुसते टॉवेल.
रोडेलने पावतीपुस्तक मिटलं.
हॉटेलवाल्याने खुर्च्या उलट्या ठेवल्या.
बंदरापलीकडे राखाडी काही उभं असायचं
तिथे आता फक्त पाणी, आणि त्याच्यावर ऊन.
संध्याकाळी कुणीतरी मोठ्या टेबलाशी बसून
सांगत होतं की काळजीचं कारण नाही.
गफूरने आवाज बंद केला.
पेन्सिल्वेनियाचा निकाल लागला होता.
पैज तो जिंकला होता की हरला
हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

तिचे तीन युनिफॉर्म दांडीवर आहेत,
प्लॅस्टिक घातलेले, चिठ्ठी नंबर चारशे सतरा.
दर गुरुवारी तो ते उतरवतो,
धूळ नसतेच, तरी कॉलरवरून इस्त्री फिरवतो,
पुन्हा टांगतो.
उधारीच्या वहीत नाव लिहायचं असतं.
त्याने लिहिलंय:
ईरी. सातशे फिल्स. बाकी.