डावा हात

गुरुवारची संध्याकाळची बॅच. खोली एकशे चौदा.
याकिमाच्या कॉलेजात हीटर खोकतो, मुलं नाही.
टेबलावर एक रबरी हात आडवा पडलेला,
कोपरातल्या नळीत लाल रंगाचं पाणी.
त्याचं नाव बर्ट. कुणी ठेवलं, कोण जाणे.
बावीस वर्षांत त्याने एकदाही ‘आई गं’ म्हटलेलं नाही,
म्हणून तर तो वाईट शिक्षक.

नऊ महिन्यांचा कोर्स. फी हप्त्याने.
पहिले सहा आठवडे नुसते हात धुणं,
मग कागद: विम्याचे फॉर्म, भेटीच्या वेळा,
भातातल्या खड्यांसारखी दाताखाली येणारी
औषधांची नावं.
सुई फार उशिरा येते.
‘डॉक्टर सात मिनिटं भेटतो,’ मी सांगते,
‘त्याच्या आधीचा आणि नंतरचा सगळा वेळ तुमचा.’

ओरालिया सेपेदा, वय त्रेचाळीस,
सफरचंदांच्या शेडमधून थेट वर्गात यायची,
केसांवरची जाळी काढायची राहून गेलेली,
अंगाला मेणाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास.
एकोणीस वर्षं सरकत्या पट्ट्यावर डागी फळं निवडलेली,
पण कानाला स्टेथोस्कोप लावला की चेहरा पडायचा:
‘काहीच ऐकू येत नाही, मिसेस कुचेरा.
फक्त मशीन.’

शेजारी जेरिको अबुकाय, विशीतला,
दंड पुढे करून बसायचा तास तास:
‘फुगव मावशी, माझा हात मोकळाच आहे.’
ती पट्टा आवळायची, हवा सोडायची,
काटा उतरत जायचा रिकामाच.
आणि नोव्हेंबरात एकदा दचकली,
‘आला! दार ठोठावल्यासारखा.’
मग गप्प. मग हळूच,
‘आणि आता गेला.’
त्या दोन आकड्यांच्या मधे माणूस असतो,
असं मी म्हणणार होते.
नाही म्हटलं. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

दर सत्रात एक दिवस मी बाही सरकवते.
बर्टला रजा. डावा हात माझा.
फळ्यावर एकच ओळ, मोठ्या अक्षरांत:
दुखणार नाही असं कधीही म्हणू नका.
जेरिकोने पहिल्याच फटक्यात शीर गाठली आणि स्वतःच पांढरा पडला.
ओरालियाची दोनदा हुकली.
तिसऱ्यांदा तिचा हात इतका थरथरला
की मीच सुई काढून घेतली.
त्या रात्री पार्किंगमध्ये तिची गाडी
बराच वेळ दिवे न लावता उभी होती.
मी माझी चालू करून निघून आले.
हे लिहिताना ते आठवतं.

यंदा एप्रिलमध्ये, बागा फुलावर असताना,
मला रक्त तपासायला पाठवलं.
कशासाठी ते राहू द्या, निकाल अजून यायचाय.
टॉपेनिशचं क्लिनिक. रुंद हाताची खुर्ची.
ट्रे घेऊन आली ती ओरालिया.
‘नाव सांगा.’
अगं ओरालिया, मी...
‘पूर्ण नाव सांगा. आणि जन्मतारीख.’
सांगितली. मोठ्याने म्हटलं की
आपलं साल केवढं जुनं वाटतं.

तिने पट्टा बांधला, डोळे मिटले,
आणि कोपराच्या वळणावर एक बोट फिरवत राहिली.
असंच चाचपलं असेल तिने मेणाखालचं फळ,
वरून लखलखीत, आत कुठेतरी मऊ पडलेलं.
बोट थांबलं.
‘थोडं टोचेल,’ ती म्हणाली.
टोचलं.

तीन नळ्या. झाकणं निळं, सोनेरी, जांभळं.
क्रम बरोबर.
मी मनातल्या मनात खुणा करत होते एकेका पायरीवर,
पट्टा आधी, सुई नंतर, बरोबर, बरोबर.
मग तिने कापसावर माझंच बोट ठेवलं,
‘दाबून धरा,’ म्हणाली,
आणि आपला हात वर तसाच राहू दिला,
लागतो त्याहून जरा जास्त वेळ.
हे मी शिकवलेलं नव्हतं.
बाहेर पुढच्या नंबराचा कुणीतरी खोकत होता.