चॅनल सात

जेल रोडवर नेभनानीनं काचेवर तीन ट्रिगर मांडले.
पहिला स्वस्त. दहात एकदा चुकेल, म्हणाला, चालतं.
दुसरा उजेड पाहून पेटणारा.
तो नकोच. वैशाखात वऱ्हाडाच्या
मोबाइल-मोबाइलला उत्तर देत बसला
आणि सप्तपदीला गप्प.

तिसरा रेडिओचा. भिंतीपलीकडूनही ऐकतो.

भिंतीपलीकडचंच तर भय.
रामबागेत एकदा शेजारच्या हॉलमध्ये कुणी बटण दाबलं
आणि माझी छत्री इकडे लख्ख उजळली.
तिच्याखाली मुलीचे वडील, मुळ्ये,
चप्पल काढून, डोळे मिटून, एकटेच.
दचकले. टोपी सारखी केली.
"आला का चांगला?"
कॅमेरा माझ्या गळ्यात, झाकण लावलेला.
"छान आला," म्हणालो.

तीन वर्षं झाली. सराफ्यात भेटले की
अजून तोच फोटो मागतात,
अल्बममध्ये नाही म्हणून.

तिसराच घेतला.
एक नंबरवर सगळं शहर असतं, मी सातवर लावला.
सेल घालता घालता नेभनानीला विचारलं,
दुसऱ्या कुणी दाबलं, तर ते कळतं का यात?
तो म्हणाला, "बिल पक्कं करू की कच्चं?"